माशाल, निमशाल आणि आंबट द्राक्षे

मराठी बायबलमध्ये ज्या पुस्तकाला 'नीतिसूत्रे' म्हटले आहे, त्याचे हिब्रू नाव 'मिश्ले' असे आहे. 'नीतिसूत्रे' म्हटले की उपदेशाची अपेक्षा मनात आधीच तयार होते. 'मिश्ले' या नावात नीतीचा किंवा उपदेशाचा मागमूसही नाही. 'माशाल' या शब्दाचे ते अनेकवचनी रूप आहे, आणि पुस्तकाची सुरुवातच 'मिश्ले श्लोमो', म्हणजे 'शलमोनाची माशाले', अशी शलमोन राजाच्या नावाने होते. आता माशाल म्हणजे काय, हे कोशात पाहायला जावे तर तिथे म्हण आहे, उपमा आहे, दृष्टान्तकथा आहे, कोड्यासारखे बोलणे आहे, द्रष्ट्याची काव्यमय वाणी आहे, पडलेल्या शत्रूवर रचलेले उपहासगीत आहे, आणि ज्याच्या दुर्दशेचा लोक दाखला देतात असा माणूस किंवा असे राष्ट्रही आहे. हिब्रू वाचायला लागल्यापासून ज्या शब्दांनी मला पुन्हा पुन्हा अडवले, त्यांत हा शब्द फार वरचा आहे. कारण एका ठिकाणी बसलेला अर्थ पुढच्या पानावर बसत नाही.

बऱ्याच काळानंतर माझे मत असे झाले आहे की माशाल हा साहित्यप्रकार मानला की गोंधळ होतो, आणि ती बोलण्यातली एक कृती मानली की सगळी उदाहरणे आपापल्या जागी बसतात. एक गोष्ट उचलायची, ती दुसऱ्या गोष्टीच्या शेजारी ठेवायची, आणि दोहोंमधले नाते ओळखायचे काम ऐकणाऱ्यावर टाकायचे, एवढीच ती कृती. ती दोन शब्दांत होऊ शकते, तशी दोन अध्यायांतही होऊ शकते. म्हणून माशालाचा अर्थ विचारताना ते कोण म्हणाले, कोणापुढे म्हणाले आणि कोणत्या प्रसंगी म्हणाले, हे विचारल्यावाचून चालत नाही.

धातूकडे पाहिले तरी हेच दिसते. म-श-ल या धातूचा एक अर्थ 'सारखे असणे' असा आहे. मेसोपोटेमियातल्या प्राचीन अक्कदी भाषेत 'मशालु' म्हणजे सारखे असणे आणि 'मिश्लु' म्हणजे निम्मा भाग, अर्थात दोन सारख्या भागांतला एक. आरामी भाषेत हाच शब्द 'मतला' असा होतो, तर अरबीत 'मसल'. आणि त्याच अरबी धातूपासून आलेला 'मिसाल' फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्या कानांवर रोज पडतो. (आपली 'मशाल' मात्र वेगळ्या घराण्यातली आहे. ती पेटवण्याच्या अर्थाच्या अरबी धातूपासून आली आहे, त्यामुळे उच्चार जुळला तरी नाते नाही. आणि मिसळीचा तर या प्रकरणाशी काहीच संबंध नाही.) हिब्रूत म-श-ल याच अक्षरांचा 'राज्य करणे' असाही एक धातू आहे, त्यापासून 'मोशेल' म्हणजे शासक, आणि आजच्या इस्राएलमध्ये सरकारला म्हणतात तो 'मेम्शाला' हा शब्द आला. काही प्रवचनकार हे दोन्ही धातू एकत्र करून 'जे आयुष्यावर राज्य करते ते माशाल' असे सांगतात. ऐकायला ते गोड वाटते, पण मला पटत नाही. हे दोन वेगळे धातू मानणेच मला सयुक्तिक वाटते. श्लेष म्हणून पाहिले तर गोष्ट निराळी: गणनाच्या पुस्तकात गाणी रचून म्हणणाऱ्या लोकांना 'मोश्लीम' म्हटले आहे, आणि तालमूद या यहुदी धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, चर्चांच्या ग्रंथात त्याच शब्दाचा अर्थ 'स्वतःच्या वासनांवर राज्य करणारे' असा लावला आहे. ते रब्बी व्युत्पत्ती सांगत नव्हते, शब्दाशी खेळत होते, आणि आपण खेळतो आहोत याचे त्यांना पुरते भान होते.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात 31 अध्याय आणि 915 वचने आहेत, पण ते एका हाताने, एका बैठकीत लिहिलेले पुस्तक नव्हे. निरनिराळे संग्रह एकापुढे एक जोडलेले त्यात स्पष्ट दिसतात. दहाव्या अध्यायापासून बाविसाव्याच्या सोळाव्या वचनापर्यंत जो मुख्य संग्रह आहे, त्यात 375 वचने भरतात, आणि हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांनुसार 'श्लोमो' या नावाची बेरीजही 375 होते. हे सहज घडले की संकलकाने मुद्दाम जुळवले, यावर वाद घालता येईल. मला तरी ते मुद्दाम केलेलेच वाटते. पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी, यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी ही माशाले उतरवून घेतली, अशी नोंद आहे. म्हणजे हे काम राजदरबारातल्या लेखनिकांचे होते. बाविसाव्या अध्यायापासून पुढे जो छोटा संग्रह लागतो, त्याचे 'आमेनेमोपेचा उपदेश' या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, ग्रंथाशी असलेले साम्य इतके जवळचे आहे की 1924 साली आडोल्फ एर्मान यांनी ते दाखवून दिल्यापासून अभ्यासकांना ते टाळता आलेले नाही. शहाणपण सीमा ओलांडून येत होते, आणि त्याची लाज कोणालाही वाटत नव्हती.

यातली वचने मराठीत वाचताना एक गोष्ट हातातून निसटते. पंचविसाव्या अध्यायातले एक वचन मराठीत साधारणपणे असे येते की, तान्हेल्या जिवाला जसे गार पाणी, तशी दूर देशाहून आलेली चांगली बातमी. हिब्रूत 'जसे' आणि 'तशी' हे शब्दच नाहीत. तिथे फक्त एवढे आहे: थकल्या जिवावर गार पाणी, आणि दूर देशातून चांगली बातमी. मध्ये केवळ एक 'व', म्हणजे 'आणि'. पुढच्या अध्यायात माशालाविषयीच एक माशाल आहे, आणि त्याचीही ठेवण अशीच आहे: दारुड्याच्या हातात काटा गेला, आणि मूर्खांच्या तोंडात माशाल. आता दारुड्याच्या हातात काटा रुतला आहे आणि त्याला ते कळतही नाही, असे म्हणायचे आहे, की काटेरी फांदी हाती लागल्यामुळे तो आसपासच्यांना ओरबाडत सुटला आहे, असे? टीकाकारांत दोन्ही मते आहेत, आणि 'आणि' हा शब्द दोहोंना जागा देतो. आपल्या भाषांतरातला 'जसे' ती जागा पुष्कळशी व्यापून टाकतो. व्याकरणाच्या दृष्टीने भाषांतर निर्दोष असते. पण जोडणी जी ऐकणाऱ्याने करायची होती, ती भाषांतरकाराने करून दिलेली असते.

याच सव्विसाव्या अध्यायात दोन वचने लागोपाठ येतात आणि एकमेकांना सरळ छेद देतात. एक म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. दुसरे म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. तालमूदच्या शब्बात या भागात सांगितले आहे की अशा विसंगतीमुळे हे पुस्तकच बाजूला ठेवून द्यावे, असे काही पंडितांच्या मनात आले होते. मग तोड निघाली ती अशी की एक वचन धर्मशास्त्राच्या चर्चेला लागू आहे आणि दुसरे व्यवहाराला. मला ही तोड थोडी ओढूनताणून केलेली वाटते, परंतु तिच्यामागची समजूत मात्र पक्की आहे: माशाल नेहमीच आणि सगळीकडे खरे असावे लागत नाही, ते त्या वेळी लागू पडावे लागते. संग्रहकाराने ती दोन वचने एकाखाली एक ठेवली, ती नजरचुकीने खासच ठेवली नसणार.

दरबारी संग्रहाबाहेर, लोकांच्या बोलण्यात, माशाल कसे वापरले जाई याचे नमुने शमुवेलाच्या पुस्तकांत सापडतात. शौल हा शेतकरी घरातला तरुण एकाएकी संदेष्ट्यांच्या मेळ्यात शिरून त्यांच्यासारखा बोलू लागला, तेव्हा ओळखीचे लोक म्हणाले, 'शौलही संदेष्ट्यांपैकी आहे काय?' आणि पुस्तक सांगते की यावरून हे माशाल पडले. आपल्याकडे 'म्हण पडली' म्हणतात, अगदी तसेच. पुढे शौल राजा झाला आणि दावीद या आपल्याच सरदाराच्या जिवावर उठला. एन-गेदीच्या गुहेत तो आयता हाती सापडला असताना दावीदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापून घेतला, आणि बाहेर येऊन दुरून त्याला ऐकवले, 'प्राचीनांचे माशाल आहे की दुष्टांपासून दुष्टताच निघते.' हिब्रूत ती म्हण फक्त तीन शब्दांची आहे. दुष्ट कोण, हे दावीद सांगत नाही. हात का उचलला नाही याचे समर्थन त्यात आहे, आणि राजाला मारलेला टोलाही त्यातच आहे. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातली एक म्हण तर दोनच शब्दांची आहे: 'के-इम्मा बित्ता', म्हणजे आई तशी लेक. 'खाण तशी माती' म्हणणाऱ्या माणसाला तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पण सगळ्या हिब्रू बायबलात जिच्यावर खरोखरीचे भांडण झाले, ती म्हण आंबट द्राक्षांची. 'वडिलांनी आंबट द्राक्षे खाल्ली, आणि मुलांचे दात आंबले.' इथे आपल्या कोल्ह्याला पोहोचत नाहीत म्हणून आंबट ठरलेल्या द्राक्षांचा संबंध नाही. 'बोसेर' म्हणजे न पिकलेली, हिरवी द्राक्षे. ही म्हण यिर्मया आणि यहेज्केल या दोघांच्याही पुस्तकांत आहे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमचा राजा आणि तिथली मातब्बर मंडळी बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेली गेली. यहेज्केल त्यांच्यातच होता, आणि यिर्मया मागे यरुशलेमात राहिला. पुढे दहा-अकरा वर्षांत नगर आणि मंदिर दोन्ही गेले. म्हणजे ही म्हण मागे राहिलेल्यांच्या तोंडीही होती आणि नेलेल्यांच्या तोंडीही. दोन्ही ठिकाणी तिचा उपयोग एकच होता: पाप आमच्या बापजाद्यांनी केले आणि भोग आमच्या वाट्याला आले, हा न्याय कुठला, असे देवाला विचारणे. यिर्मयाच्या पाठात क्रियापद 'आख्लू' आहे, 'खाल्ली'. यहेज्केलाच्या पाठात 'योख्लू' आहे, 'खातात'. एकात घडून गेलेल्या घटनेकडे बोट आहे, तर दुसऱ्यात जगाची रीतच अशी आहे असा सूर आहे. हा फरक मुद्दाम केलेला नसेलही, पण वनवासात बसून बोलणाऱ्याच्या तोंडी रीतीची भाषा यावी, हे मला स्वाभाविक वाटते.

दोन्ही संदेष्टे या म्हणीशी भांडतात, पण तऱ्हा वेगळी. यिर्मया म्हणतो, असे दिवस येतील की लोक ही म्हण पुन्हा म्हणणार नाहीत. यहेज्केलाला तेवढा धीर नाही. 'हे माशाल वापरता, याचा तुम्ही अर्थ काय समजता?' असा त्याचा पहिलाच प्रश्न आहे, आणि मग तो न्यायालयात दाखले द्यावेत तसा बाप, मुलगा आणि नातू यांची तीन पिढ्यांची प्रकरणे एकामागून एक मांडतो: नीतिमान बाप, त्याचा दुराचारी मुलगा, आणि बापाची कर्मे पाहून त्या वाटेला न गेलेला नातू. निकाल असा की जो जीव पाप करील तोच मरेल. बंदी माणसांवर येते, ग्रंथांवर येते. पण एका म्हणीवर नाव घेऊन बंदी घातल्याचे दुसरे इतके ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. तालमूदच्या मक्कोत या भागात एका रब्बीने हे आणखी धीटपणे सांगितले आहे: वडिलांच्या पापाचे शासन मुलांना होईल, असा ठराव मोशेने केला, आणि यहेज्केल आला आणि त्याने तो रद्द केला. म्हण मात्र मेली नाही. ती पुढे कशी सापडते, ते लवकरच येईल.

शब्दाची दुसरी, जास्त बोचरी बाजू बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात दिसते. करार मोडलात तर सर्व राष्ट्रांमध्ये तुम्ही 'माशाल आणि शेनीना' व्हाल, असा तिथे शाप आहे. शेनीना म्हणजे टोचून बोललेला शब्द. इथे माणूस माशाल सांगत नाही, माणूसच माशाल होतो; लोक त्याच्याकडे बोट दाखवून एकमेकांना म्हणतात, 'तुझे असे होऊ नये.' ईयोबाची तक्रारही हीच आहे की देवाने त्याला लोकांच्या तोंडचे माशाल करून ठेवले. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजावर जे माशाल उचलायला सांगितले आहे, ते तर मृत्यूचे विडंबन करणारे एक पूर्ण गीत आहे. त्यात पाताळातले मेलेले राजे आपापल्या आसनांवरून उठून नव्याने आलेल्या बादशहाचे स्वागत करतात आणि विचारतात, 'तूही आमच्यासारखाच दुबळा झालास?' तुलना इथेही आहे, कारण 'आमच्यासारखा' हाच त्या गीतातला घाव आहे. बलाम या द्रष्ट्याची गोष्ट त्याहून चमत्कारिक: इस्राएलला शाप देण्यासाठी मवाबच्या राजाने त्याला बोलावून आणले, आणि प्रत्येक वेळी 'वय्यिस्सा मेशालो', म्हणजे 'त्याने आपले माशाल उचलले' असे म्हणून तो आशीर्वादच देत राहिला. त्या काव्यांत म्हण नाही, कथा नाही. तरीही तो माशाल उचलतो, यावरून भारदस्त, नेहमीच्या बोलण्याहून वेगळ्या काढलेल्या वाणीलाही हा शब्द चालत असे, एवढे निश्चित दिसते.

उलट, जिला आपण दृष्टान्ताचा उत्तम नमुना म्हणू, त्या संदेष्टा नाथान याच्या गोष्टीत माशाल हा शब्द एकदाही येत नाही. पुढे राजा झालेल्या दावीदाने उरीया या आपल्याच सैनिकाची बायको नेली आणि उरीयाला लढाईत पुढे उभे करून मारवले. नाथान त्याच्याकडे येतो आणि एका गावातल्या दोन माणसांची हकिगत सांगतो: श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे, आणि गरिबाकडे विकत घेतलेली एकुलती एक मेंढी, जी त्याच्या ताटातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई आणि त्याच्या उराशी निजे. पाहुणा आल्यावर श्रीमंताने आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी कापली. दावीद संतापून शिक्षा फर्मावतो, आणि नाथान हिब्रूत दोनच शब्द म्हणतो, 'अत्ता हाईश', म्हणजे 'तोच माणूस तू'. नाथानाने आधी 'एक दृष्टान्त सांगतो' म्हटले असते, तर राजा सावध झाला असता. फिर्याद ऐकतो आहोत अशा समजुतीने त्याने निवाडा दिला, आणि तो निवाडाच त्याला चिकटला. गोष्टीला नाव नसणे हे तिथे गोष्टीच्या कामाचे होते, असे मला वाटते. शास्ते या पुस्तकातल्या योथामाच्या गोष्टीलाही, जीत सगळी झाडे राजा शोधायला निघतात, जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नकार देतात आणि शेवटी काटेरी झुडूप राजा व्हायला तयार होते, तिथे माशाल म्हटलेले नाही. शब्द जिथे आहे तिथे ती कृती असते, पण कृती जिथे आहे तिथे शब्द असेलच असे नाही.

मंदिराच्या दुसऱ्या विध्वंसानंतरच्या शतकांत, इ.स. 70 नंतर, रब्बींच्या हातात माशालाला ठरीव आकार आला. 'माशाल सांगतो, ही गोष्ट कशासारखी आहे?' अशी सुरुवात, मग बहुधा 'रक्तामांसाचा एक राजा', त्याचा मुलगा, त्याची राणी किंवा त्याचा बाग, आणि मग 'तसेच' म्हणून मूळ वचनाला लावलेला अन्वय. या दुसऱ्या भागाला पुढे 'निमशाल' हे नाव मिळाले. मराठीत त्यासाठी शब्द शोधत बसावे लागत नाही, कारण महानुभावांच्या दृष्टान्तपाठात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी मांडणी तेराव्या शतकापासून आहे, आणि निमशाल म्हणजे नेमके दार्ष्टान्तिक. फरक जाणवतो तो इतकाच की रब्बींचा निमशाल पुष्कळदा कथेशी पुरता जुळत नाही. कथेतला राजा चिडतो, विसरतो, पस्तावतो, आणि देवाविषयी जे उघडपणे म्हणता येत नाही ते कथेत म्हणून होते.

बायबलमधल्या गीतरत्न या पुस्तकावरच्या मिद्राशात, म्हणजे विवरणग्रंथात, रब्बींनी माशालाची बाजू स्वतःच मांडली आहे. राजाच्या घरात सोन्याचे नाणे किंवा मोती हरवला, तर दमडीच्या वातीच्या उजेडात तो शोधून काढतातच ना? तसे माशाल तुझ्या नजरेला क्षुल्लक वाटू नये, कारण त्याच्या आधाराने माणूस तोरातली, म्हणजे धर्मशास्त्रातली, वचने समजू शकतो. तिथेच दुसरा दाखला आहे: खोल विहीर, पाणी गार आणि गोड, पण कोणाचाही दोर तिथवर पोहोचत नाही; मग एकजण आला, त्याने दोराला दोर आणि धाग्याला धागा जोडून पाणी काढले, आणि त्यानंतर सगळेच काढू लागले. तो माणूस शलमोन, आणि तो जोडलेला दोर म्हणजे एकाला एक लावलेली माशाले. बाराव्या शतकात मायमोनिदीस या यहुदी तत्त्वज्ञाने हा वातीचा दाखला घेऊन नीतिसूत्रांतल्या 'चांदीच्या जाळीतील सोन्याची सफरचंदे' या वचनाशी लावला आणि म्हटले की दुरून पाहणाऱ्याला फक्त चांदी दिसते, पण जवळ जाऊन जाळीतून पाहिले की आत सोने आहे हे कळते. आणि बाहेरची चांदीही टाकाऊ नसते. विशेष म्हणजे, प्रत्येक शब्दाला आतला अर्थ असतोच असे नाही, काही तपशील केवळ गोष्ट शोभावी म्हणून असतात, हेही त्याने बजावून ठेवले. आजच्या पुष्कळ निरूपणकारांनी ही सूचना मनावर घ्यायला हरकत नाही.

माशालाने रक्तपात थांबवल्याची एक हकिगत बेरेशीत रब्बा या मिद्राश-संग्रहात आहे. रोमी सत्तेने मंदिर पुन्हा बांधायला परवानगी दिली, मग विरोधकांच्या सांगण्यावरून ती अशा अटी घालून अडवली की बांधणाऱ्यांनी आपण होऊनच नाद सोडावा: जागा बदला, नाहीतर माप पाच हात वाढवा किंवा घटवा. बेत रिम्मोनच्या खोऱ्यात जमलेले लोक रडू लागले आणि बंडाला उठायच्या बेतात आले. तेव्हा रब्बी यहोशुआ बेन हनन्या उभे राहिले आणि त्यांनी सांगितले: सिंहाच्या घशात हाड अडकले, काढील त्याला बक्षीस, असे त्याने जाहीर केले. लांब चोचीच्या एका मिसरी पक्ष्याने चोच आत घालून हाड काढले आणि बक्षीस मागितले. सिंह म्हणाला, 'जा, सिंहाच्या तोंडात सुखरूप शिरलो आणि सुखरूप बाहेर आलो, अशी फुशारकी मारत फिर, तेवढे पुरे.' मग रब्बी म्हणाले, आपणही या राष्ट्राच्या हाती सुखरूप सापडलो आणि सुखरूप सुटलो, तेवढे पुरे. इसापाच्या कथेत इथे लांडगा आणि क्रौंच आहेत. सिंह आहे तो पालीतल्या जातककथेत, जिथे हाड काढणारा सुतार पक्षी आहे आणि सिंहाचे उत्तर जवळजवळ याच अर्थाचे आहे. कोणती कथा कोठून निघाली, हे सांगायला मी धजणार नाही, पण हे साम्य डोळ्यांआड करणेही कठीण आहे.

आणि आता ती द्राक्षे. रब्बी मेईर वारल्यावर माशाल सांगणारे संपले, असे मिश्ना या तालमूदच्या मूळ भागात म्हटले आहे. तालमूदच्या सन्हेद्रीन या भागात रब्बी योहानान सांगतात की मेईरांना कोल्ह्याची 300 माशाले येत होती, आणि आपल्याजवळ उरली फक्त 3. मात्र ती 3 म्हणून जे पुढे दिले आहे, त्या कथा नव्हेत, बायबलमधली 3 वचने आहेत: आंबट द्राक्षांचे वचन, 'खरे तराजू, खरी वजने' हे, आणि 'नीतिमान संकटातून सुटतो आणि त्याच्या जागी दुष्ट येतो' हे. कथा गळून गेल्या आणि नुसती शेवटची ओळ उरली! अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रुआ गावी बसून भाष्य लिहिणाऱ्या राशी यांनी ही तीनही वचने एकाच गोष्टीत ओवून दाखवली. कोल्ह्याने लांडग्याला सांगितले की शब्बाथच्या आदल्या दिवशी यहुद्यांच्या वाड्यात जा, स्वयंपाकाला हातभार लाव आणि सणाचे जेव. लांडगा गेला आणि काठ्यांचा मार खाऊन आला. तो कोल्ह्याला फाडायला निघाला, तेव्हा कोल्हा म्हणाला, 'हे तुझ्यामुळे नव्हे, तुझ्या बापामुळे. त्याने एकदा मदतीला म्हणून जाऊन चांगले चांगले सगळे फस्त केले होते.' 'म्हणजे बापापायी मार मला?' 'होय, वडिलांनी आंबट द्राक्षे खाल्ली, आणि मुलांचे दात आंबले. पण चल, तुला पोटभर खायची जागा दाखवतो.' त्याने लांडग्याला एका विहिरीवर नेले. वर आडवी तुळई, तिच्यावरून दोर, आणि दोराच्या दोन टोकांना दोन बादल्या. कोल्हा वरच्या बादलीत बसून खाली गेला आणि पाण्यात पडलेले चंद्राचे बिंब दाखवून म्हणाला, 'बघ, इथे मांस आहे, चीज आहे.' बिंब अगदी गोल चीजच्या चकतीसारखे दिसत होते. 'मी कसा येऊ?' 'वरच्या बादलीत बस.' लांडगा बसला, वजनाने खाली गेला, आणि कोल्हा वर आला. 'आता मी वर कसा येऊ?' तेव्हा वरून उत्तर आले, 'नीतिमान संकटातून सुटतो आणि त्याच्या जागी दुष्ट येतो. खरे तराजू, खरी वजने, असे लिहिलेच आहे ना?'

यहेज्केलाने बंदी घातलेली म्हण शेवटी एका लबाड कोल्ह्याच्या तोंडी येऊन बसली, हे मला फार आवडते. कोल्हा शास्त्रवचने बिनचूक म्हणतो आणि प्रत्येक वचन स्वतःच्या फायद्याला वापरतो. राशींना यात थट्टा दिसत होती की नाही, ते भाष्यातून कळत नाही. पण मूर्खाच्या तोंडातल्या माशालाची चिंता करणाऱ्या नीतिसूत्रकाराने लुच्च्याच्या तोंडातल्या माशालाचा विचार केलेला नव्हता, एवढे खरे.

बाबेलच्या तालमूदमध्ये लोकांच्या म्हणी 'हाइनू दे-आमरे इन्शे', म्हणजे 'लोक म्हणतात ते हेच' या शब्दांनी येतात, आणि त्या रोजच्या आरामीत असतात. बावा कम्मा या भागात राव्वा नावाचा पंडित एकामागून एक म्हणी टाकतो आणि समोरच्याला विचारतो की हिला शास्त्रात आधार कुठे. 'ज्या विहिरीचे पाणी प्यालास, तिच्यात ढेकूळ टाकू नकोस.' 'साठ धावणारे धावले, तरी सकाळी न्याहारी केलेल्याला गाठू शकले नाहीत.' 'दारू मालकाची, आभार वाढणाऱ्याचे.' शेवटची वाचताना 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' आठवल्याशिवाय राहत नाही. सन्हेद्रीनमध्ये तर 'दोन सुकी लाकडे आणि एक ओले असेल, तर सुकी ओल्याला जाळतात' अशी म्हण आहे. आपली सुक्याबरोबर ओले जळण्याची म्हण आणि ती एकाच चुलीपुढे सुचल्यासारख्या वाटतात.

मध्ययुगात माशालाच्या घरात आपल्याकडचेही पाहुणे आले. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्यावरून अरबी 'कलीला व दिम्ना' केले, त्याचे हिब्रू भाषांतर रब्बी योएल यांच्या नावावर आहे, आणि तेराव्या शतकात काप्युआच्या योहानाने, जो जन्माने यहुदी होता, त्या हिब्रूवरून लॅटिन केले. युरोपातल्या पुष्कळ भाषांना पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे भेटले ते या हिब्रू पायरीवरून. दमनकाच्या बोलण्याची रीत ओळखायला हिब्रू वाचकाला अडचण पडली नसेल. तोही राशींच्या कोल्ह्याप्रमाणे दाखल्यांवर दाखले देतच आपला डाव साधतो. पण परक्या कथांची ही चलती सगळ्यांना रुचली नाही. 1281 साली स्पेनमध्ये इस्हाक इब्न सहुला याने मुद्दाम हिब्रू परंपरेतून रचलेल्या कथांचा ग्रंथ लिहिला आणि त्याला 'मेशाल हाकदमोनी' हे नाव दिले. गुहेबाहेर उभ्या राहिलेल्या दावीदाचे ते 'प्राचीनांचे माशाल'.

उलट दिशेचाही एक प्रवास आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने, ज्यांची मातृभाषा मराठी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत मराठी कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी यांत बांधलेली, आणि चाल आपल्या हरिदासांची. कीर्तनकार आख्यान रंगवून श्रोत्यांना त्यातला बोध लावून दाखवी, म्हणजे रब्बी ज्याला निमशाल म्हणत तेच काम मराठीत करी.

आजच्या हिब्रूत शब्दाचे क्षेत्र आटले आहे. 'माशाल' म्हटले की इसाप किंवा रशियन कथाकार क्रिलोव यांच्यासारखी बोधकथा डोळ्यांपुढे येते, 'लेमाशाल' म्हणजे 'उदाहरणार्थ', आणि म्हणीला 'पित्गाम' म्हणतात, जो शब्द मुळात फारसीतून आला आणि एस्तेरच्या पुस्तकात राजाज्ञा या अर्थाने वापरला आहे. 'अनुवाद' पुस्तकातला शाप मात्र वाक्प्रचार होऊन टिकला आहे. फजिती झालेल्या माणसाविषयी तो 'माशाल आणि शेनीना' झाला, असे अजूनही म्हटले जाते. बलामाचे 'वय्यिस्सा मेशालो' वाचताना मात्र तेल अवीवच्या शाळेतल्या मुलालाही तळटीप पाहावी लागते.